विजेत्या संघाने पिचिंगमध्ये भर का घालावी?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचा हंगाम मार्चच्या अखेरीस सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या शेवटी, कधी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या निकालाने संपतो. तिथपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, म्हणजे फ्लोरिडा व ॲरिझोनातील सराव शिबिरे भरेपर्यंतचा काळ ऑफ-सीझन म्हणून ओळखला जातो. संघबांधणीचे मोठे निर्णय याच काळात होतात. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा पूर्ण केलेले आणि करारातून मोकळे झालेले खेळाडू फ्री एजंट म्हणून कोणत्याही संघाशी बोलणी करू शकतात. शिवाय संघ एकमेकांशी खेळाडूंची अदलाबदल करतात. सतत हरणाऱ्या संघाला काय दुरुस्त करायचे ते गुणतक्त्यातच दिसते. वर्षाला ९५-१०० सामने जिंकणाऱ्या संघापुढचा पेच अधिक कठीण असतो. बसलेली घडी मोडावी का, आणि मोडायचीच तर पिचिंगसारख्या महागड्या आणि बेभरवशाच्या अंगावर पैसा ओतावा का, हा तो पेच.

गेल्या तीन दशकांतील अनुभव असा, की जिंकणाऱ्या संघालाही जवळजवळ दरवर्षी पिचिंगमध्ये भर घालावी लागते, कारण गेल्या हंगामातील पिचिंग पुढच्या हंगामात तशीच हाती लागत नाही. मात्र ही भर कोणत्या प्रकारची, किती किमतीला आणि संघाचे कोणते अंग उपाशी ठेवून घातली, यावर ती फळते की अंगाशी येते हे ठरते.

पिचरचे काम आणि इनिंग्जची गरज

पिचर चेंडू टाकतो म्हणून तो क्रिकेटमधल्या गोलंदाजासारखा वाटतो, पण त्याच्या कामाची रचना वेगळी आहे. बेसबॉलमध्ये षटके नसतात. एकच पिचर एका फलंदाजामागून दुसऱ्याला चेंडू टाकत राहतो आणि बदली होऊन बाहेर गेला की त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. तो १८.४४ मीटर अंतरावरून, टप्पा न पाडता चेंडू फेकतो. वेगवान चेंडू ताशी १५० किलोमीटरच्या आसपास जातो. प्रत्येक इनिंगमध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन जण बाद करायचे असतात आणि सामना नऊ इनिंग्जचा असतो.

सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे स्टार्टर, साधारण ९० ते १०० चेंडू टाकतो आणि नंतर चार-पाच दिवस विश्रांती घेतो. म्हणूनच संघ पाच स्टार्टरांची पाळी लावतात. तिला रोटेशन म्हणतात. उरलेल्या इनिंग्ज रिलिव्हर सांभाळतात. त्यांच्या ताफ्याला बुलपेन म्हणतात, आणि थोडक्या आघाडीचे शेवटच्या इनिंगमध्ये रक्षण करणारा तो क्लोजर. २६ खेळाडूंच्या चालू संघात जास्तीत जास्त १३ पिचर ठेवता येतात.

हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे सुमारे १,४५८ इनिंग्ज कोणीतरी टाकाव्याच लागतात. पूर्वी चांगला स्टार्टर एका हंगामात सहज २०० इनिंग्ज टाकत असे. आज ३० संघांत मिळून असे पिचर बोटांवर मोजता येतात. पाचही स्टार्टर वर्षभर धडधाकट राहिले आणि प्रत्येकाने १६० इनिंग्ज टाकल्या, तरी बेरीज ८०० होते आणि साडेसहाशेहून अधिक इनिंग्ज इतरांच्या वाट्याला राहतात. प्रत्यक्षात पाचही जण वर्षभर टिकणे फार दुर्मीळ. त्यामुळे पहिल्या पाच पिचरांइतकेच सहावा, सातवा आणि आठवा पिचर कोण, यालाही महत्त्व असते.

धावांवरून विजयांचा अंदाज

संघाने किती सामने जिंकावेत याचा अंदाज त्याने काढलेल्या आणि दिलेल्या धावांवरून बांधता येतो. संख्याशास्त्राची कास धरणारे बेसबॉल लेखक बिल जेम्स यांनी त्यासाठी एक सोपे सूत्र मांडले. काढलेल्या धावांच्या वर्गाला, काढलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की विजयाचे प्रमाण मिळते. समजा, एका संघाने ७५० धावा काढल्या आणि ६५० दिल्या. सूत्राप्रमाणे त्याचे १६२ पैकी सुमारे ९२ ते ९३ विजय होतात. फलंदाजी तशीच ठेवून दिलेल्या धावा ६२० वर आणल्या तर विजय ९६ च्या घरात जातात. ढोबळमानाने दहा धावा वाचवल्या की एक सामना पदरात पडतो.

आता एका पिचरचा हिशोब. दर नऊ इनिंग्जमागे पिचरने दिलेल्या धावांची सरासरी, क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे गेलेल्या धावा वगळून, काढतात. तिला ईआरए म्हणतात. साडेचार ईआरए असलेल्या स्टार्टरच्या जागी साडेतीनचा स्टार्टर आला आणि त्याने १८० इनिंग्ज टाकल्या, तर वर्षभरात २० धावा वाचतात, म्हणजे सुमारे दोन विजय वाढतात. एका उत्तम पिचरमुळे १०-१५ सामन्यांचा फरक पडेल ही अपेक्षा या गणितात बसत नाही.

दोन विजयांचे मोल मात्र प्रत्येक संघाला सारखे नसते. ७० सामने जिंकणारा संघ ७२ वर गेला तर काही बदलत नाही. २०२२ पासून १२ संघ बाद फेरीत जातात आणि मेजर लीगमधील दोन लीगपैकी प्रत्येकीतील दोन सर्वोत्तम विभागविजेत्यांना पहिली फेरी खेळावी लागत नाही. त्यामुळे ८५ ते ९५ विजयांच्या पट्ट्यातील संघाला दोन जादा विजय स्पर्धेत नेऊ शकतात किंवा धोक्याची पहिली फेरी टाळून देऊ शकतात. पिचिंगवरील खर्चाचा सर्वाधिक परतावा याच पट्ट्यात मिळतो.

गेल्या वर्षीची पिचिंग टिकत का नाही

पहिले कारण दुखापत. चेंडू फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या अस्थिबंधावर प्रचंड ताण येतो आणि तो फाटतो. १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी लॉस एंजेलिस डॉजर्सचे पिचर टॉमी जॉन यांच्या कोपरात दुसरीकडचा स्नायुबंध बसवून ही इजा प्रथम दुरुस्त केली. जॉन १९७६ मध्ये मैदानात परतले आणि १९८९ पर्यंत खेळले. आज ही शस्त्रक्रिया त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि असंख्य पिचरांची कारकीर्द तिच्यामुळे वाचली आहे. पण परतायला बहुधा १२ ते १८ महिने लागतात. एप्रिलमध्ये कोपर गेले की तो हंगाम गेलाच, पुढच्याचाही काही भाग हातचा जातो. खांद्याच्या दुखापतींबाबत तर परतीची खात्री आणखी कमी.

दुसरे कारण नशिबाचा वाटा. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक वोरॉस मॅक्क्रॅकन यांनी २००१ मध्ये दाखवून दिले, की फलंदाजाने मैदानात मारलेला चेंडू बाद ठरतो की फलंदाज बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरील थांब्यावर, सुरक्षित पोहोचतो, यावर पिचरचे नियंत्रण फार थोडे असते. होमरन, म्हणजे थेट सीमेपार मारलेले चेंडू, सोडले तर मैदानात पडणाऱ्या दहापैकी साधारण तीन चेंडूंवर फलंदाज सुरक्षित राहतो. एखाद्या वर्षी हे प्रमाण पिचरच्या बाजूने झुकते आणि त्याचा ईआरए देखणा दिसतो. पुढच्या वर्षी ते सरासरीकडे सरकते. पिचरच्या हातात खरोखर असतात ते स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू मैदानात न जाता फलंदाज बाद होणे. वॉक, म्हणजे चार वाईट चेंडूंमुळे फलंदाजाला मिळणारा फुकटचा बेस. आणि काही अंशी होमरन. विजेत्या संघाने आपला ताफा याच तीन आकड्यांवर तपासावा. १०० विजय मिळवूनही ज्याचे पिचर नशिबावर तरले आहेत, त्या संघाला भर घालण्याची निकड ८८ विजयांच्या सकस संघापेक्षा जास्त असते.

वय आणि करार ही तिसरी व चौथी कारणे. तिशी ओलांडल्यावर वेग घटू लागतो आणि चांगल्या हंगामानंतरच पिचर महागडा होऊन दुसरीकडे जातो. जागेवर थांबलेला संघ या चार कारणांमुळे आपोआप मागे सरकतो.

ऑक्टोबरचे वेगळे गणित

बाद फेरीत सामने तीन, पाच किंवा सातच्या मालिकेत खेळले जातात आणि मधे विश्रांतीचे दिवस असतात. पाचऐवजी तीन-चार स्टार्टर पुरतात. पाच सामन्यांच्या मालिकेत एक उत्तम पिचर दोनदा खेळू शकतो. १६२ सामन्यांत दोन विजयांची भर घालणारा माणूस इथे मालिकेचा निकाल फिरवू शकतो. उलट रोटेशन खिळखिळे झाले असेल, तर हंगामभराचे यश तीन दिवसांत वाया जाते.

भर फळली तेव्हा

अटलांटा ब्रेव्ह्जने १९९१ आणि १९९२ मध्ये नॅशनल लीग जिंकली, पण दोन्ही वर्ल्ड सिरीज गमावल्या. टॉम ग्लॅव्हिन, जॉन स्मोल्ट्झ आणि स्टीव्ह एव्हरी यांची पिचिंग आधीच लीगमधील सर्वोत्तमांपैकी होती. तरीही डिसेंबर १९९२ मध्ये त्यांनी ग्रेग मॅडक्स यांना पाच वर्षांसाठी २ कोटी ८० लाख डॉलर देऊन आणले. १९९३ मध्ये मॅडक्स यांनी २० सामने जिंकले. ब्रेव्ह्जचे १०४ विजय झाले, सॅन फ्रान्सिस्को जायंट्सचे १०३. तेव्हा विभागात दुसऱ्या आलेल्या संघाला बाद फेरीत जागाच नव्हती, म्हणजे सगळा निकाल एका सामन्यावर ठरला. जुलैमध्ये आलेले फलंदाज फ्रेड मॅकग्रिफ यांचाही त्यात मोठा हात होता. मॅडक्स यांनी १९९३ ते १९९५ या तिन्ही वर्षी सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला आणि १९९५ मध्ये ब्रेव्ह्ज विजेते झाले. मॅडक्स यांचे यश स्ट्राइकआउट आणि क्वचित दिलेल्या वॉकवर उभे होते. असेच यश पुढच्या वर्षी टिकण्याची शक्यता जास्त असते.

बोस्टन रेड सॉक्सचे उदाहरण अधिक बोलके आहे. २००३ मध्ये त्यांनी ९५ सामने जिंकले आणि सर्व संघांत सर्वाधिक, ९६१ धावा काढल्या. बाद फेरीत न्यूयॉर्क यांकीजविरुद्धच्या निर्णायक सातव्या सामन्यात ५-२ अशी आघाडी असताना दमलेले स्टार्टर पेद्रो मार्तिनेस यांना आठव्या इनिंगमध्ये कायम ठेवले गेले, आघाडी निसटली आणि ११ व्या इनिंगमध्ये संघ हरला. त्या हिवाळ्यात रेड सॉक्सने स्टार्टर कर्ट शिलिंग यांना अदलाबदलीत आणले आणि क्लोजर कीथ फोक यांच्याशी करार केला. ऑक्टोबरमध्ये उघड्या पडलेल्या नेमक्या दोन जागा त्यांनी भरल्या. २००४ मध्ये दिलेल्या धावा ८०९ वरून ७६८ वर आल्या आणि विजय ९५ वरून ९८ वर गेले. आकड्यांत ही वाढ लहानच. पण यांकीजविरुद्ध ०-३ अशा पिछाडीनंतर शिलिंग यांनी घोट्याला टाके घालून सहावा सामना जिंकून दिला, फोक वर्ल्ड सिरीजच्या चारही सामन्यांत उतरले आणि संघाने १९१८ नंतरचे पहिले विजेतेपद पटकावले.

भर अंगाशी आली तेव्हा

फिलाडेल्फिया फिलीज २००८ चे विजेते. त्यांनी डिसेंबर २००९ मध्ये रॉय हॅलडे यांना आणले आणि डिसेंबर २०१० मध्ये क्लिफ ली यांच्याशी पाच वर्षांचा १२ कोटी डॉलरचा करार केला. कोल हॅमल्स आणि रॉय ऑस्वाल्ट धरून चार अव्वल स्टार्टर एका रोटेशनमध्ये आले. २०११ मध्ये फिलीजने १०२ सामने जिंकून स्वतःचा विक्रम केला. मात्र ली आले त्याच हिवाळ्यात फलंदाज जेसन वर्थ वॉशिंग्टनला गेले होते, बाकीचे फलंदाज वयाने वाढले होते, आणि संघाच्या धावा २००९ मधील ८२० वरून २०११ मध्ये ७१३ वर घसरल्या होत्या. पहिल्याच मालिकेत, सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्धच्या पाचव्या सामन्यात हॅलडे यांनी आठ इनिंग्जमध्ये एकच धाव दिली आणि संघ १-० असा हरला. ९० सामने जिंकून आत आलेले कार्डिनल्स पुढे विजेते ठरले. २०१२ मध्ये हॅलडे यांचा खांदा दुखावला आणि फिलीज ८१ विजय, ८१ पराभवांवर थांबले. पिचिंग उत्तम होती. तिच्यासाठी फलंदाजीकडे झालेले दुर्लक्ष नडले.

दीर्घ कराराचा धोका वॉशिंग्टन नॅशनल्सच्या अनुभवातून कळतो. २०१९ च्या वर्ल्ड सिरीजमधील सर्वोत्तम खेळाडू स्टीव्हन स्ट्रासबर्ग यांना त्यांनी सात वर्षांसाठी २४ कोटी ५० लाख डॉलर दिले. दुखापतींमुळे त्या करारात स्ट्रासबर्ग फक्त आठ सामने खेळू शकले. बेसबॉलमधील करार बहुधा हमीचे असतात. खेळाडू मैदानात नसला तरी पैसे द्यावेच लागतात.

किंमत आणि इतर वाटा

फ्री एजंटला द्यायचा पैसा ही किमतीची एक बाजू झाली. एकूण वेतन ठरावीक मर्यादेपलीकडे गेले की संघाला कर भरावा लागतो. २०२५ साठी ही मर्यादा २४ कोटी १० लाख डॉलर होती. मर्यादा पहिल्या वर्षी ओलांडल्यास जादा रकमेवर २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३० आणि तिसऱ्या वर्षापासून ५० टक्के कर लागतो. फार पुढे गेल्यास आणखी अधिभार पडतो. काही करारांमुळे नवोदितांच्या निवडीतील हक्कही गमवावे लागतात. अदलाबदलीत पैशांऐवजी तरुण खेळाडू जातात, म्हणजे चार वर्षांनंतरचा संघ आज खर्ची पडतो.

म्हणून भर घालण्याच्या स्वस्त वाटाही पाहाव्या लागतात. ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०१७ मध्ये विजेते झाले आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी पिट्सबर्गकडून गेरिट कोल यांना घेतले. कोल यांचा २०१७ मधील ईआरए ४.२६ होता, म्हणजे कामगिरी मध्यम होती. ह्यूस्टनने त्यांना खाली बसणारे वेगवान चेंडू कमी करून उंचीवर राहणारे चेंडू आणि वळणारे चेंडू जास्त टाकायला लावले. २०१८ मध्ये ईआरए २.८८ झाला आणि २०१९ मध्ये त्यांनी ३२६ स्ट्राइकआउट घेतले. सुधारता येण्याजोगा पिचर ओळखणे ही तयार नाव विकत घेण्यापेक्षा किफायतशीर वाट आहे.

क्षेत्ररक्षण ही दुसरी वाट. टँपा बे रेजने २००७ मध्ये ९४४ धावा दिल्या होत्या. पुढच्या वर्षी त्या ६७१ झाल्या आणि संघ ६६ विजयांवरून ९७ वर गेला. मॅट गार्झा हे नवे स्टार्टर आणि सुधारलेले बुलपेन यांच्यासोबत जेसन बार्टलेट यांच्यासारख्या क्षेत्ररक्षकांचाही त्यात वाटा होता. तिसरी वाट थांबण्याची. हंगामाच्या मध्यावर, जुलैअखेरपर्यंत अदलाबदल करता येते आणि तोवर कोण जायबंदी आहे हे कळलेले असते. पण तेव्हा सगळेच दावेदार संघ त्याच मोजक्या पिचरांच्या मागे असल्याने भाव चढलेले असतात.

डॉजर्सचे दोन हिवाळे

लॉस एंजेलिस डॉजर्सने २०२३ मध्ये १०० सामने जिंकले आणि पहिल्याच मालिकेत ८४ विजयांच्या ॲरिझोनाकडून सलग तीन सामने गमावले. त्या तीन सामन्यांत त्यांच्या स्टार्टरांनी मिळून पाच इनिंग्जही पूर्ण केल्या नाहीत. क्लेटन कर्शॉ पहिल्या सामन्यात एकच फलंदाज बाद करून आणि सहा धावा देऊन परतले. त्या हिवाळ्यात डॉजर्सने जपानचे योशिनोबू यामामोतो यांना १२ वर्षांसाठी ३२ कोटी ५० लाख डॉलर दिले, टायलर ग्लासनाउ यांना अदलाबदलीत घेतले आणि शोहेई ओहतानी यांच्याशी १० वर्षांचा ७० कोटींचा करार केला. कोपराच्या शस्त्रक्रियेमुळे ओहतानी २०२४ मध्ये पिचिंग करणार नव्हतेच. यामामोतो खांद्यामुळे सुमारे तीन महिने बाहेर राहिले, तर ग्लासनाउ यांचा हंगाम ऑगस्टमध्येच संपला. डझनाहून अधिक स्टार्टर वापरून, जुलैमध्ये जॅक फ्लॅहर्टी यांना आणून आणि सान दिएगोविरुद्धचा चौथा सामना आठ रिलिव्हरांच्या बळावर ८-० असा काढून संघाने विजेतेपद मिळवले.

यानंतर थांबण्यासारखी परिस्थिती असूनही डॉजर्सने पुन्हा भर घातली. ब्लेक स्नेल यांना पाच वर्षांसाठी १८ कोटी २० लाख आणि रिलिव्हर टॅनर स्कॉट यांना चार वर्षांसाठी ७ कोटी २० लाख डॉलर देण्यात आले; कर्बी येट्स आणि तरुण रोकी सासाकी हेही आले. २०२५ चा हंगाम सुरळीत गेला नाही. स्नेल एप्रिल ते ऑगस्ट बाहेर होते, सासाकी यांचा खांदा दुखावला, स्कॉट यांनी दहा वेळा हातची आघाडी घालवली. विजय ९३ वर आले. ऑक्टोबरपर्यंत मात्र स्टार्टर बरे होऊन परतले आणि सासाकी यांना बुलपेनमध्ये हलवण्यात आले.

टोरोंटो ब्लू जेज संघाविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात या गुंतवणुकीचे फळ दिसले. सुरुवात ओहतानी यांनी केली. पुढे ग्लासनाउ, स्नेल आणि शेवटी यामामोतो उतरले. यामामोतो यांनी आदल्याच रात्री सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले होते. नवव्या इनिंगमध्ये बरोबरी असताना ते आले, आठ फलंदाज बाद होईपर्यंत एकही धाव दिली नाही आणि ११ इनिंग्जमध्ये ५-४ असा विजय मिळाला. हे चारही पिचर दोन हिवाळ्यांत आणलेले होते. १९९८ ते २००० च्या यांकीजनंतर लागोपाठ विजेतेपद मिळवणारा हा पहिला संघ ठरला.

डॉजर्सचे उदाहरण जसेच्या तसे गिरवणे बहुतेक संघांना परवडणारे नाही. २०२४ साठी त्यांनी वेतनावर १० कोटी डॉलरहून अधिक कर भरला. त्यांनी राखलेले तत्त्व मात्र लहान संघालाही लागू पडते: अर्धे पिचर जायबंदी होणार असे गृहीत धरून ताफा बांधायचा.

निर्णयाचे निकष

विजेत्या संघाने हिवाळ्यात चार गोष्टी तपासाव्यात. गेल्या वर्षीचे यश स्ट्राइकआउट आणि वॉकच्या आकड्यांवर उभे आहे की नशिबावर, हे पहिले. पुढच्या वर्षीच्या १,४५८ इनिंग्ज कोण टाकणार आणि दोन स्टार्टर बाहेर गेले तर काय, हे दुसरे. बाद फेरीत कोणते तीन-चार पिचर उतरणार आणि त्यांत उणीव कुठे आहे, हे तिसरे. चौथी गोष्ट अशी, की तोच पैसा फलंदाजी किंवा क्षेत्ररक्षणात घातल्यास जास्त धावांचा फरक पडेल का. पहिल्या तिन्हींची उत्तरे समाधानकारक असतील, तर एखाद-दोन किफायतशीर पिचर घेऊन ताफ्याची खोली वाढवणे पुरेसे. तिसऱ्यात उणीव दिसली तर २००३ च्या रेड सॉक्सप्रमाणे नेमक्या जागेसाठी मोठी किंमत मोजणे योग्य. फलंदाजी म्हातारी होत असेल, तर २०११ च्या फिलीजचा अनुभव ध्यानात घेऊन पैसा आधी तिकडे वळवावा. पिचिंग जशीच्या तशी ठेवून पुढच्या वर्षी तोच निकाल मागणे मात्र या चारही कसोट्यांवर सर्वांत जोखमीचे ठरते.